धडकेनंतरचे चोवीस तास



२०२४ सालचे पहिले दोन दिवस तुम्हाला आठवत असतील. पेट्रोल पंपांवर रात्री उशिरापर्यंत रांगा लागल्या होत्या. मनमाडजवळच्या पानेवाडीत तेल डेपोंच्या बाहेर टँकर जागच्या जागी उभे होते आणि देशभरातल्या ट्रकचालकांनी चाके थांबवली होती. कारण होते भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ चे दुसरे उपकलम. बेदरकार वा निष्काळजी वाहन चालवून एखाद्याचा मृत्यू घडवला आणि त्यानंतर लवकरात लवकर पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेले, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असे ते उपकलम सांगते. २ जानेवारीला केंद्रीय गृहसचिवांची वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलणी झाली, संप मिटला, आणि १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू झाली तेव्हा हे एक उपकलम बाजूला ठेवण्यात आले.

त्या दोन दिवसांत टीव्हीवर चालकांच्या मुलाखती चालल्या होत्या. बहुतेक जण एकच गोष्ट सांगत होते: थांबलो तर लोक मारतात, पळालो तर कायदा मारतो. ही भीती खरी आहे. अपघातानंतर जमावाने चालकाला मारल्याच्या, गाडी पेटवल्याच्या बातम्या आपण सगळे वाचतो. पण त्या गदारोळात एक गोष्ट कोणी सांगितली नाही. या भीतीवर कायद्याने १९८८ सालीच उत्तर देऊन ठेवले आहे. मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे वकिली करताना मला रोज दिसते की चालकाला ते उत्तर माहीत नसते. मालकालाही नसते, आणि कित्येकदा शिकल्यासवरल्या कारवाल्यालाही नसते. आज मला त्याबद्दलच बोलायचे आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८, कलम १३४. अपघातात कोणी जखमी झाले किंवा दुसऱ्या कोणाच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर चालकाने काय करायचे हे तिथे लिहिले आहे. पहिले काम, जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोहोचवण्यासाठी शक्य ते सगळे करणे. याच वाक्याला कायद्याने एक अपवाद जोडला आहे: जमावाच्या क्षोभामुळे किंवा चालकाच्या हाताबाहेरच्या कारणामुळे ते शक्य नसेल तर. म्हणजे जमाव अंगावर येतो हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. जीव वाचवण्यासाठी तिथून निघालात, एवढ्यावरून कायदा तुम्हाला पळपुटा ठरवत नाही. तो पुढचा प्रश्न विचारतो: निघालात, ते कुठे गेलात?

या प्रश्नाचे उत्तर 'पोलीस ठाण्यात' असे असले पाहिजे. घटनास्थळी पोलीस हजर असतील तर ते विचारतील ती माहिती तिथेच द्यायची. नसतील तर जवळच्या ठाण्यात जाऊन काय घडले ते सांगायचे, आणि जखमीला मदत करता आली नसेल तर ती का करता आली नाही तेही सांगायचे. हे शक्य तितक्या लवकर करायचे, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत. तिसरे काम विमा कंपनीला लेखी कळवण्याचे: पॉलिसी क्रमांक आणि तिची मुदत, अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, जखमी किंवा मृत व्यक्तींचा तपशील, चालकाचे नाव आणि परवान्याची माहिती. यात कसूर केली तर कलम १८७ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा केली तर एक वर्ष आणि दहा हजार.

कलम १३४ च्या जोडीला १३२ वाचले पाहिजे. अपघात झाल्यावर गाडी थांबवायची, आणि ज्याला इजा किंवा नुकसान झाले त्याने विचारले तर आपले आणि मालकाचे नाव-पत्ता द्यायचा, असे ते सांगते. इथे माणसाबरोबर जनावरांचाही उल्लेख आहे, आणि ती जनावरे नावानिशी मोजली आहेत: घोडा, गुरे, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी, शेळी. घाटावरून मेंढरांचे कळप रस्त्याने जातात त्या आपल्या भागात हे नीट लक्षात ठेवा. मेंढी गाडीखाली आली आणि तुम्ही न थांबता निघून गेलात, तर तो कायद्याचाही भंग आहे. धनगराचे वर्षभराचे उत्पन्न त्या कळपात असते.

आता मनातली मुख्य अडचण. चालकाला वाटते, ठाण्यात जाऊन सांगणे म्हणजे आपला गुन्हा आपल्या तोंडाने कबूल करणे. तसे नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही; जुन्या पुरावा कायद्यात हे होते, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडले जाऊ नये हा तर घटनेने दिलेला हक्क आहे. कायदा तुमच्याकडे खबर मागतो: कुठे, केव्हा, कोणती गाडी, कोण जखमी. चूक कोणाची, हे तुम्ही ठरवून सांगायचे नाही. पंचनामा, साक्षीदार, गाडीची तपासणी आणि शेवटी न्यायालय ते ठरवील. 'माझी काहीच चूक नाही' असेही लिहू नका, आणि 'माझ्यामुळेच झाले' असेही लिहू नका. जे डोळ्यांनी पाहिले तेवढे लिहा.

दुसरी भीती अटकेची. बेदरकार वाहन चालवणे हे न्याय संहितेचे कलम २८१, दुखापत झाली तर कलम १२५, आणि निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर कलम १०६ चे पहिले उपकलम. ही सगळी जामीनपात्र आहेत. मृत्यूच्या कलमात शिक्षा पूर्वीच्या दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत वाढली असली, तरी जामीन हा तिथे हक्क आहे. दारू पिऊन गाडी चालवली असेल तर मात्र पोलीस याहून गंभीर कलमे लावू शकतात, आणि लावली पाहिजेत. म्हणून शुद्धीत असलेल्या चालकाने तर ताबडतोब ठाण्यात जावे. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे. अपघातानंतर तासाभरात तुमची तपासणी झाली आणि ती स्वच्छ निघाली, तर उद्या कोणी 'प्यायला होता' म्हणू शकणार नाही. दुसऱ्या दिवशी हजर झालात, तर तुम्ही शुद्धीत होता हे सिद्ध करायला तुमच्याकडे काहीही उरत नाही. चोवीस तास ही शेवटची मुदत आहे. तेवढा वेळ घ्यावा, असे कायद्याने म्हटलेले नाही.

माझ्याकडचे एक प्रकरण सांगतो. दुधाचा टेम्पो, संध्याकाळची वेळ, गावाच्या फाट्यावर सायकलस्वाराला धडक. माणसे धावून आली, काच फुटली, चालकाने गाडी काढली. पाच-सहा किलोमीटरवरच्या पोलीस ठाण्याच्या आवारात त्याने ती उभी केली आणि ठाणे अंमलदाराला पहिले वाक्य सांगितले ते असे: फाट्यावर माणूस पडलाय, आधी गाडी पाठवा. स्टेशन डायरीत वेळेसह नोंद झाली. तिथून निरोप गेला, रुग्णवाहिका पोहोचली. पुढे प्राधिकरणापुढे सुनावणीत 'चालक पळून गेला होता' असा मुद्दा निघाला, तेव्हा डायरीचा तो उतारा काढला. दोन ओळींची नोंद होती. त्या मुद्द्यावर नंतर कोणी एक प्रश्नही विचारला नाही. सायकलस्वाराच्या वतीने उभा असलेला वकील मी होतो, आणि माझ्या अशिलाचा पाय वाचला तो त्या चालकाच्या पहिल्या वाक्यामुळे, असे मी आजही मानतो.

हे बोलताना मला सगळ्यात जास्त कळवळा वाटतो तो दुसऱ्या बाजूबद्दल, म्हणजे रस्त्यावर पडलेल्याच्या घराबद्दल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे गेली. महाराष्ट्रातली त्यांत पंधरा हजारांहून अधिक. याच अहवालात धडक देऊन पळून गेलेल्यांचा वेगळा आकडा आहे: ६७,३८७ अपघात, ३०,४८६ मृत्यू. म्हणजे गेलेल्या दर शंभर माणसांतली अठरा अशी, की ज्यांना धडक देणारा थांबला नाही.

त्या अठरा घरांचे पुढे काय होते? हिशेबच मांडून बघू. चौतीस वर्षांचा एक गवंडी आहे असे धरा. महिन्याला पंधरा हजार कमावणारा, मागे बायको, दोन मुले आणि आई. गाडी कोणती ते कळले, तिचा विमा आहे, चालकाची चूक सिद्ध झाली, तर प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत घालून दिलेल्या पद्धतीने भरपाई काढते. चाळिशीच्या आतला, स्वतःच्या हिमतीवर कमावणारा माणूस, म्हणून भविष्यातल्या वाढीचे चाळीस टक्के धरायचे: पंधरा हजारांचे एकवीस हजार झाले. चार जण अवलंबून, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा: १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. एकतीस ते पस्तीस वयाला गुणक सोळा. म्हणजे ३० लाख २४ हजार रुपये. शिवाय अंत्यविधी वगैरेंच्या ठरलेल्या रकमा आणि व्याज वेगळे.

आणि गाडी कोणती ते कळलेच नाही, तर? मग मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६१ खालची योजना. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. त्यापूर्वी तर मृत्यूला पंचवीस हजार मिळत. सरकारने रक्कम वाढवली हे चांगलेच झाले. पण तीस लाख आणि दोन लाख यांतला फरक त्या आईच्या औषधांचा आहे, मुलांच्या शाळेचा आहे, आणि तो एका वाहन क्रमांकावर ठरतो. गाडीचा विमा आणि चालकाचा परवाना वैध असेल, तर ते तीस लाख चालकाच्या खिशातून जात नाहीत, विमा कंपनी देते. तृतीय पक्ष विमा सक्तीचा केला तो याचसाठी. पळून जाणाऱ्याने स्वतःचे पैसे वाचवलेले नसतात; समोरच्या घराच्या तोंडचे अठ्ठावीस लाख त्याने काढून घेतलेले असतात. हे चालकाला कोणी कधी समजावून सांगतच नाही, याची मला चीड येते.

उपचारांचेही तसेच. १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले की जखमीवर आधी उपचार, पोलिसी सोपस्कार नंतर. स्कूटरवरच्या एका जखमीला दवाखान्याने दाखल करून न घेता दूरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठवले आणि तो वाटेत गेला, अशी वर्तमानपत्रातली बातमी त्या याचिकेमागे होती. आता मे २०२५ पासून रोकडरहित उपचारांची केंद्रीय योजना आहे: अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत, योजनेतल्या रुग्णालयात. पण हा मोटार अपघातच आहे, याची खातरजमा पोलिसांकडून व्हावी लागते. ती लवकर व्हायची तर खबर लवकर पोहोचायला हवी. आणि मदतीला धावणाऱ्यांनो, तुम्हाला कलम १३४-अ चे संरक्षण आहे. जखमीला दाखल करून तुम्ही निघून जाऊ शकता. नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती कोणी करू शकत नाही.

आता खबर द्यायची कशी ते सांगतो. आधी फोन ११२ ला. रुग्णवाहिका हवी असेल तर १०८, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदत क्रमांक आहे. फोनवर पहिल्यांदा ठिकाण सांगा. 'पुण्याच्या पुढे, हॉटेलच्या अलीकडे' याचा रुग्णवाहिकेच्या चालकाला काही उपयोग नसतो. महामार्गावर किलोमीटरचे दगड आणि पाट्या असतात; तो क्रमांक आणि कोणत्या दिशेची मार्गिका, एवढे सांगितले की बास. दुभाजक असलेल्या रस्त्यावर दिशा चुकली तर गाडी पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत येते. मग जखमी किती, कोणी अडकले आहे का, पेट्रोल-डिझेल सांडले आहे का. ११२ वर फोन केल्याची वेळ नोंदली जाते, हेही तुमच्याच फायद्याचे. मात्र फोन केला म्हणून ठाण्यात जायचे राहू देऊ नका.

गाड्या हलवण्याआधी, धोका नसेल तर, मोबाइलवर फोटो घ्या: दोन्ही गाड्यांचे क्रमांक, टायरच्या खुणा, रस्त्याची रुंदी दिसेल असा एक लांबून. जखमीच्या चेहऱ्याचे फोटो काढू नका, आणि काढलेले फोटो गटागटांत फिरवू नका.

ठाण्यात लेखी द्या. मी अशिलांना जो नमुना देतो तो वाचून दाखवतो:

'मी, अमुक, वय, पत्ता, वाहन क्रमांक अमुक चालवत आज रोजी सायंकाळी सुमारे सात वाजता कराडकडून साताऱ्याकडे जात असताना, अमुक गावच्या फाट्याजवळ, किलोमीटर क्रमांक अमुकपाशी, डावीकडून रस्ता ओलांडणारी सायकल व माझे वाहन यांची धडक झाली. सायकलस्वार जखमी झाला. मी ११२ वर फोन केला. जमाव चिडल्यामुळे मला तेथे थांबता आले नाही व मी थेट या ठाण्यात आलो. माझे वाहन ठाण्याच्या आवारात उभे आहे. परवाना, नोंदणी प्रमाणपत्र व विमा पॉलिसी यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.'

एवढेच. खाली सही, तारीख, वेळ. वेळ विसरू नका. दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. 'ही आमची हद्द नाही' असे कोणी म्हणाले, तर शांतपणे सांगा की हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घेणे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे बंधनकारक आहे; ती नोंदवून नंतर योग्य ठाण्याकडे वर्ग होते. तरीही घेतली नाही, तर तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. टपालाची पावती जपून ठेवा.

पुढच्या टप्प्यांची थोडक्यात कल्पना देतो. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी प्रथम अपघात अहवाल ४८ तासांत प्राधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. त्यात चालकासाठी एक स्वतंत्र नमुना आहे. तपासी अंमलदार तो कोरा देतो आणि चालकाने तीस दिवसांत भरून परत करायचा असतो. तुमची बाजू मांडायची ती हक्काची जागा आहे, पण बहुतेक जण ती तलाठ्याचा फॉर्म भरावा तशी भरतात. गाडीची तपासणी मोटार वाहन निरीक्षक करतो. ब्रेक, स्टिअरिंग, टायर. ती होईपर्यंत गॅरेजला हात लावू देऊ नका.

विमा कंपनीबाबत एक सावधगिरी. पॉलिसीच्या अटींत लिहिलेले असते की कंपनीच्या लेखी संमतीवाचून भरपाईचे कोणतेही आश्वासन द्यायचे नाही. म्हणून रस्त्यावरच दहा-वीस हजार हातावर ठेवून मिटवामिटवी करणे दोघांच्याही अंगाशी येते. जखमी उठून बसला, 'काही नाही झाले' म्हणाला, कागदावर सही दिली, आणि रात्री उलट्या सुरू झाल्या, असे डोक्याच्या माराच्या बाबतीत होते. मग तो कागद त्याच्या घरच्यांच्या वाटेत आडवा येतो आणि तुम्ही चोवीस तासांत खबर न दिल्याचे दोषी ठरता. मदत म्हणून पैसे द्यायचे असतील तर रुग्णालयात भरा, आणि खबर द्याच.

मालक मंडळींशी शेवटचे बोलतो, कारण या सभागृहात ते बरेच आहेत. गाडी मुलगा चालवत होता, त्याच्याकडे परवाना नव्हता, म्हणून ठाण्यात कामावरच्या ड्रायव्हरला उभे केले, ही आपल्याकडे सर्रास चालणारी गोष्ट आहे. सात-आठ हजार पगाराच्या माणसाला 'तुझे मी बघून घेतो' असे सांगून त्याच्या नावावर कोणाचा तरी मृत्यू चढवायचा. कलम १३३ प्रमाणे गाडी कोण चालवत होते हे सांगण्याची जबाबदारी मालकाची आहे. आता टोल नाक्यांवर, द्रुतगती मार्गावर, पेट्रोल पंपांवर कॅमेरे आहेत. स्टिअरिंगवर कोण होते ते दिसते. नाव बदलल्याचे सिद्ध झाले की अपघाताच्या जोडीला खोटा पुरावा उभा केल्याचा गुन्हा येतो, तो मालकावर आणि ड्रायव्हरवर दोघांवर. तुमच्याकडे कामाला असलेल्या प्रत्येक चालकाला आजच सांगून ठेवा, अपघात झाला तर मला फोन करण्याआधी ११२ ला कर. आणि त्याच्या गाडीत पॉलिसीची प्रत, दोन कोरे कागद, एक पेन ठेवा. कागदाच्या मागच्या बाजूला त्या मार्गावरच्या पोलीस ठाण्यांचे क्रमांक ओळीने लिहून द्या. रात्री दोन वाजता, काच फुटलेल्या केबिनमध्ये, ते शोधत बसायला त्याला वेळ नसतो.